मुरू द्या, पण किती?

आपल्याकडे मुरलेल्या गोष्टींना भलताच मान. लोणचं मुरलेलं हवं, मोरावळा मुरलेला हवा, तांदूळ जुना हवा. औषधाला गूळ लागणार असेल तर आजी नव्या गुळाला हातही लावू देत नाही. आणि आपण? ऑर्डर दिल्यावर दहाव्या मिनिटाला बेल वाजली नाही तर अ‍ॅपवर तक्रार ठोकणारी मंडळी. त्यामुळे या आठवड्याचा माल जरा शिस्तीत वाचा. तो विकत घेतला २००८ मध्ये आणि उघडला या महिन्यात. तब्बल १७ वर्षं. वाइन नाही, चीजही नाही. पाइपमध्ये ओढायची तंबाखू.

आता दोन गोष्टी आधीच क्लिअर करते. एक, तुम्ही ओढत नसाल तर हे वाचून सुरू करू नका, प्लीज. दोन, तंबाखू म्हटल्यावर डोळ्यांसमोर तळहात, चुना आणि टिचकी आली असेल तर ती बाजूला ठेवा. इथे मामला वेगळा आहे. इथे तंबाखूची वडी पाडतात.

वडी म्हणजे फ्लेक

डबी आहे सॅम्युअल गॅविथ कंपनीची आणि तंबाखूचं नाव फुल व्हर्जिनिया फ्लेक. गाव केंडल, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कंब्रियात, लेक डिस्ट्रिक्टच्या तोंडाशी. पावसाळी, दगडी घरांचं छोटंसं गाव. बाहेरच्या जगात ते दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं: गिर्यारोहकांच्या खिशातली पुदिन्याची मिंट केक आणि तपकीर. या कंपनीची मुळंही तपकिरीच्याच धंद्यातली. साल १७९२, म्हणजे पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई चालू होती तेव्हाचं. त्याच गावात त्याच घराण्याची दुसरी पाती गॅविथ हॉगार्थ या नावाने वेगळा धंदा करत होती. २०१५ मध्ये दोन्ही कंपन्या पुन्हा एक झाल्या.

फ्लेकचा फंडा सोपा आहे. पानं ओलसर करायची, मधली जाड शीर काढायची, थर लावायचे आणि प्रेसमध्ये करकचून दाबायचे. दाब असतानाच उष्णता द्यायची. पानांतला रस एकमेकांत उतरतो, पिवळी-तांबूस पानं काळपट होतात आणि पानांचा एक घट्ट ठोकळा तयार होतो. त्याचे पातळ काप काढायचे. आळूवडीचा उंडा वाफवून कापतो ना, डिट्टो. फक्त बेसन नाही आणि तळणी नाही. असे लांबट काप ५० ग्रॅमच्या चपट्या पत्र्याच्या डबीत एकावर एक रचलेले असतात. वरून व्हॅनिला, चेरी, चॉकलेट असला काही मुलामा नाही. जो गोडवा आहे तो पानाचा.

ही साखर आली कुठून?

व्हर्जिनिया हे इथे गावाचं नाव नाही, पानाच्या जातीचं आणि ते सुकवण्याच्या पद्धतीचं नाव आहे. त्याची गोष्ट सुरू होते अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅसवेल काउंटीत, १८३९ मध्ये. स्टीफन नावाचा एक गुलाम तरुण रात्री तंबाखूच्या कोठाराची राखण करत होता. आत जाळ ठेवून पानं सुकवायची पद्धत होती. त्याला डुलकी लागली. जाग आली तेव्हा विस्तव विझत आलेला. तो धावत लोहारकामाच्या जागेवरून कोळसा घेऊन आला आणि आगीवर टाकला. लाकडाचा धूर नाही, नुसती एकदम वाढलेली कोरडी उष्णता. सकाळी पानं बघतात तर पिवळीधमक, सोन्यासारखी. त्या पानांना बाजारात जबरदस्त भाव आला. भाव मिळाला तो स्टीफनच्या मालकाला, अबिशा स्लेडला. व्हर्जिनियाचं रसभरीत वर्णन करताना पहिलं नाव त्या राखणदाराचं घ्यायला हवं.

पुढे कोठारांत धुराचे नळ आले. उष्णता आत, धूर बाहेर. याला म्हणतात फ्लू-क्युअरिंग. पाच-सात दिवस तापमान टप्प्याटप्प्याने चढवत नेतात. सुरुवातीच्या उबेत पानातला स्टार्च साखरेत बदलतो. मग चढ्या उष्णतेने पान पटकन सुकवलं की ही साखर तिथेच अडकते. वाऱ्यावर सावकाश सुकवलेल्या बर्ली तंबाखूत साखर जवळजवळ उरत नाही. व्हर्जिनियात ती सुक्या पानाच्या १५-२० टक्क्यांपर्यंत असू शकते. हेच पान आपल्या देशातही पिकतं, आंध्रात आणि म्हैसूरच्या पट्ट्यात. त्यासाठी १९७६ पासून गुंटूरला केंद्र सरकारचं तंबाखू मंडळ आहे.

आणि साखर आहे म्हणूनच हे पान मुरतं. बंद डबीत पानातली साखर आणि अमिनो आम्लं यांची हळूहळू अभिक्रिया होत राहते. पोळीवर डाग पडतो, रवा भाजताना रंग चढतो, त्याच जातीची ही क्रिया. तव्यावर दोन मिनिटांत उरकते, डबीत वर्षानुवर्षं चालते. पान काळवंडतं, तिखटपणा उतरतो, वास गडद होतो. म्हणून पाइपवाले लोक एकाच वेळी दोन डब्या घेतात: एक आजची आणि एक उद्याची.

नानांचं सर्टिफिकेट

आमच्या या डबीचा ‘उद्या’ जरा जास्तच लांबला.

नाना म्हणजे माझ्या मैत्रिणीचे काका. मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. आता दादरला तिसऱ्या मजल्यावर, माई आणि एक टीव्ही यांच्यासोबत. पाइप कसा भरायचा हे दोन वर्षांपूर्वी मला त्यांनीच शिकवलं, स्वतः न पेटवता. कारण २०११ मध्ये अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी सांगितल्या दिवशी त्यांनी पाइप बंद केला. तेव्हा इंग्लंडच्या फेरीत घेतलेल्या तीन डब्या कपाटात शिल्लक होत्या. प्रत्येकीच्या तळाला पांढरा स्टिकर, त्यावर बॉलपेनने ‘मे २००८’. त्या त्यांनी ना टाकल्या, ना कुणाला दिल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, स्टीलच्या डब्यात ठेवल्या. मुंबईच्या हवेत पत्र्याला गंज चढायला किती वेळ लागतो, हे बोटीवर आयुष्य काढलेल्या माणसाला सांगायला नको.

‘एक उघडू या का?’ असं नानांनीच विचारलं. माई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“अगं, ती नुसती तंबाखू नाहीये. ते यांचं सर्टिफिकेट आहे. डब्या बंद, म्हणजे पाइप बंद. चौदा वर्षं मी कपाट उघडून मोजतेय.”

“मी हात लावणार नाही,” नाना म्हणाले. “ती ओढेल आणि मला सांगेल. फक्त ‘छान आहे’ म्हणून सुटायचं नाही हं. नीट सांगायचं, काय झालंय तिचं.”

थोडक्यात, आजवर या सदरात मी डझनावारी गोष्टी चाखल्या, पण असं टेन्शन कधी आलं नव्हतं. वाचकांना ती चव ठाऊक नसते, मी सांगेन ते खरं. इथे ऐकणाऱ्याला ही तंबाखू पाठ होती आणि त्याला ती परत कधीच ओढायची नव्हती.

तहाच्या अटी ठरल्या. नाना फक्त वास घेणार. धूर घरात होणार नाही. मी बिल्डिंगच्या गच्चीवर जाणार, एकटी.

झाकण उघडताना

झाकणाच्या कडेला रुपयाचं नाणं घालून फिरवलं. ‘फस्स’ असा बारीक आवाज झाला. म्हणजे डबीने १७ वर्षं हवा आत घेतली नव्हती.

आत काप काळेभोर, जवळजवळ चिंचेच्या गोळ्यासारखे, आणि एकमेकांना चिकटलेले. वर बारीक पांढरी कणी. इथे नवखे लोक घाबरतात आणि डबी फेकतात. सोपी टेस्ट: उजेडात धरा. चमकली तर ते स्फटिक, मुरल्याची खूण. कापसासारखी तंतुमय दिसली तर बुरशी, मग मात्र फेकाच. आमची चमकली.

वास? मी बोलायच्या आधी नानांकडे डबी सरकवली. त्यांनी डोळे मिटून नाकाशी धरली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“घेतली तेव्हा गवताच्या गंजीचा वास होता,” मग म्हणाले. “आता काकवी.”

शंभर टक्के. काकवी, भिजवलेल्या मनुका आणि मागून चिंचेसारखं किंचित आंबट. माईंनीही वास घेतला. “गूळआंब्यासारखा येतोय,” असं म्हणून त्या आत गेल्या. हा रिव्ह्यू खरं तर इथेच संपवता आला असता.

गच्चीवरचा सव्वा तास

फ्लेक भरण्याच्या दोन पद्धती. एक, काप बोटांनी कुस्करून मोकळा करायचा. पटकन पेटतो, पटकन संपतो. दुसरी, अख्खा काप लांबीत दुमडून, घडी घालून पाइपच्या बाऊलमध्ये सरकवायचा. पेटवायला त्रास, पण नंतर सावकाश जळतो. मी दुसरी पद्धत घेतली. ही तंबाखू बरीच ओलसर असते, म्हणून काप आधी पाऊण तास कागदावर उघडे ठेवले. ओला काप पेटवला तर वाफ होते आणि जीभ पोळते.

पाइपचा धूर छातीत घ्यायचा नसतो. तोंडात घोळवायचा, सोडायचा. पहिली काडी फक्त वरचा थर करपवण्यासाठी. तो फुगून वर येतो. टॅम्परने हलकेच दाबायचा, मग दुसरी काडी. इथून पुढे एकच नियम: घाई नाही. व्हर्जिनियातली साखर जोरात ओढली की तापते आणि चव जळक्या कागदासारखी होते. ज्याला मीटिंगच्या मधल्या पाच मिनिटांत उरकायचं आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

तुलनेसाठी आदल्या संध्याकाळी याच तंबाखूची नवी डबी ओढून पाहिली होती. मैत्रिणीने गेल्या वर्षी लंडनहून आणलेली. तीच पाइप, तेवढेच काप, तेवढंच वाळवणं.

पहिला तिसरा भाग: नव्या डबीत इथे टवटवी होती. सुकं गवत, ताजा पाव, लिंबाच्या सालीचा चुरचुरीतपणा. जुनीत त्यातलं लिंबू पूर्ण गेलेलं. त्याऐवजी शिजवलेलं अंजीर आणि करपत आलेला गूळ. धूर इतका मऊ की नाकातून सोडला तरी झोंबत नाही. नवी नाकातून सोडताना शिंक येते.

तेवढ्यात फोन. नाना. “कुठपर्यंत आलीस?”

मधला तिसरा भाग: ही या डबीची खरी जागा. गोडवा कमी होतो आणि त्याखालून काहीतरी खारट-आंबट वर येतं, मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यातल्या सालीसारखं. शेवटी भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाची कडवट छटा. नव्या डबीत या चवी वेगवेगळ्या ऐकू येतात, कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून. जुनीत सगळे एका सुरात. वीस मिनिटं मी वहीत काही लिहिलं नाही.

परत फोन. “गुळाच्या पुढे काही आलं का?” आलं, म्हटलं, लोणचं आलं. पलीकडे समाधानाचा हुंकार.

शेवटचा तिसरा भाग: इथे जुनी डबी मागे पडली. नवी शेवटपर्यंत काहीतरी बोलत राहते, कधी मिरी, कधी टोस्ट. जुनी गप्प होते. चव गोल, गुळगुळीत आणि मग सपाट. सगळे कोपरे घासले गेलेत. निकोटिन मात्र म्हातारं झालेलं नाही. ते धूर छातीत न घेताही तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं, आणि ही तंबाखू त्या बाबतीत हलकी नाही. कपाळावर घाम येतोय असं वाटताच पाइप खाली ठेवला आणि खिशातली चिक्की काढली. पोटभर जेवल्याशिवाय याच्या नादी लागू नये, हा पाइपवाल्यांचा जुना नियम आहे आणि तो बरोबर आहे.

बिल

डबीवर साल आहे १७९२. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७९५ मध्ये, जर्मनीतल्या एका शरीरशास्त्रज्ञाने नोंदवून ठेवलं की ओठाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांत जास्त दिसतो. त्याचंही नाव सॅम्युअल: सॅम्युअल थॉमस फॉन झ्योमरिंग. म्हणजे हे बिल डबीइतकंच जुनं आहे. ओठ, तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस, यादी तेव्हापासून वाढतच गेली. ‘पाइप काय, छातीत कुठे घेतो’ हा युक्तिवाद पार्टीत छान वाटतो, पण तो डॉक्टरांपुढे टिकत नाही. तंबाखू मुरते तेव्हा तिखटपणा मुरतो, धोका मुरत नाही. उलट मऊ धूर जास्त ओढला जातो.

या सदराच्या शेवटी नेहमी किंमत आणि दुकानाचा पत्ता असतो. या वेळी नाही. आपल्याकडे २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आहे. कायदा नसता तरी मी पत्ता छापला नसता. चव कशी आहे हे सांगणं माझं काम, तुम्हाला रांगेत उभं करणं नाही.

मग निकाल काय?

खाली आले तेव्हा नाना दारातच उभे होते. मी वही उघडून सगळं वाचून दाखवलं. लिंबू गेलं तिथे त्यांनी मान हलवली. लोणच्याची साल आली तिथे हसले. शेवटचा भाग सपाट म्हटल्यावर मात्र एकदम इंजिनिअर झाले.

“म्हणजे उरलेल्या दोन अजून ठेवण्यात अर्थ नाही?”

“नाही, नाना. ती झालीय. यापुढे चढणार नाही, उतरणारच. मी असते तर दहाव्या वर्षी उघडली असती. तेव्हा लिंबू थोडं शिल्लक असतं आणि गूळही आलेला असता.”

नानांनी हिशेब केला. दहावं वर्ष म्हणजे २०१८. तेव्हा पाइप सोडून त्यांना सात वर्षं झाली होती. “त्या वर्षी उघडली असती,” ते शांतपणे म्हणाले, “तर मी ओढली असती.”

माई काही बोलल्या नाहीत. उघडलेल्या डबीचं झाकण लावून त्यांनी ती माझ्या पिशवीत घातली.

एक डबी आता कोचीला जाणार आहे, नानांबरोबर बोटीवर असलेल्या मित्राकडे. त्याने अजून पाइप सोडलेला नाही. तिसरी पुन्हा वर्तमानपत्रात, पिशवीत, स्टीलच्या डब्यात. मी म्हटलं, ती फुकट जाईल. “जाऊ दे,” नाना म्हणाले, “ती ओढायला थोडीच ठेवलीय?”

तेव्हा मंडळी, माझे मार्क असे:

दिसणं आणि वास: ५ पैकी ५. नुसत्या वासासाठी डबी उघडावी अशी.

पहिला आणि मधला भाग: ५ पैकी साडेचार. अर्धा मार्क हरवलेल्या लिंबाचा.

शेवट: ५ पैकी अडीच. मुरण्यालाही एक मुदत असते, आणि ती या डबीने ओलांडलीय.

तब्येतीला: शून्य. नव्या डबीलाही शून्य.

राखण: ५ पैकी ५. हे मार्क तंबाखूचे नाहीत.